रेडॉन मॉनिटर: दिसतो तो आकडा घराचा की हवामानाचा?

रेडॉन हा मातीतून घरात शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा किरणोत्सारी वायू. तो मोजणाऱ्या तीन वस्तूंबद्दल हे लिहितोय. आधी निकाल. अमेरिकेत बेसमेंटवाल्या घरात राहत असाल आणि एकच वस्तू घ्यायची असेल, तर एअरथिंग्जचा कोरेंटियम होम घ्या, बेसमेंटमध्ये नीट जागा बघून ठेवा आणि तीन महिने रोज त्याच्याकडे बघायचा मोह आवरा. घरात रेडॉन आहे हे आधीच कळलेलं असेल आणि तो कधी, कुठून, कशामुळे वाढतो हे शोधायचं असेल, तर एफटीलॅबचा रेडॉनआय आरडी२०० घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, रेडॉन शोषून घेणारी कोळशाची डबी घर घेण्याच्या घाईत चालून जाते. पण ती कोणत्या दोन-तीन दिवसांत उघडी होती आणि तेव्हा बाहेर काय चाललं होतं हे माहीत नसेल, तर तिच्या आकड्यावरून घराबद्दल काही ठरवू नका.

तिन्ही वस्तू एकच वायू मोजतात, मग एवढा फरक कसा? यंत्रांच्या अचूकतेपेक्षा हा प्रश्न वेळेचा आहे. बेसमेंटमधला रेडॉन तासातासाला बदलतो आणि त्या बदलामागे बहुतेक वेळा हवामान असतं. जे यंत्र तासाचा आकडा दाखवतं ते तुम्हाला हवामानाचा परिणाम दाखवतं. जे तीन महिन्यांची सरासरी दाखवतं ते घराबद्दल बोलतं. दोन्ही उपयोगाची आहेत, फक्त एकाला दुसऱ्याचं काम सांगू नये.

मोजमापाची भाषा एकदा स्पष्ट करून घेऊ. अमेरिकेत रेडॉन पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये मोजतात. इथून पुढे त्याला नुसतं ‘पिको’ म्हणू. १ पिको म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की ४ पिको किंवा जास्त असेल तर दुरुस्ती करा, २ ते ४ च्या मध्ये असेल तर विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी १०० बेकरेल, म्हणजे २.७ पिको. ईपीएच्या मते अमेरिकेत घरातली सरासरी १.३ आणि बाहेरच्या हवेतली ०.४ पिको आहे. रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने तिथे वर्षाला सुमारे २१,००० माणसं दगावतात, असा ईपीएचाच अंदाज आहे.

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय लांबचा नाही. रेडॉनचा प्रश्न अमेरिकेत चर्चेला आला तोच मुळी तिथे. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रातले अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे किरणोत्साराचा अलार्म वाजायला लागला. केंद्रातून अजून वीजनिर्मितीही सुरू झालेली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की किरणोत्सार ते घरूनच अंगावर घेऊन येत होते. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात सुमारे २,७०० पिको रेडॉन सापडला. ते घर ज्या खडकपट्ट्यावर आहे तो रीडिंग प्राँग पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीच्या उत्तर भागातून न्यूयॉर्ककडे जातो. हंटरडन, वॉरन, ससेक्स या काउंट्या ईपीएच्या नकाशात सर्वांत वरच्या, पहिल्या विभागात आहेत. पण नकाशा काउंटीचा असतो, घराचा नसतो. शेजारी-शेजारी बांधलेल्या दोन घरांत एकात १ आणि दुसऱ्यात १२ निघू शकतो. त्यातून आपल्याकडे भारतातून आलेले आई-बाबा चार-सहा महिने राहतात, आणि त्यांची झोपायची खोली बरेचदा बेसमेंटमध्येच असते. त्यामुळे ‘बेसमेंट कोण वापरतंय’ असं म्हणून हा आकडा बाजूला टाकता येत नाही.

हवामान नेमकं काय करतं

यंत्र विकत घेण्याआधी हा भाग समजला पाहिजे, नाहीतर यंत्र घेऊन फक्त घबराट वाढते.

हिवाळ्यात घर धुराड्यासारखं वागतं. आतली गरम हवा वर चढते, पोटमाळ्याच्या फटींतून आणि दिव्यांच्या खाचांतून बाहेर पडते, आणि तेवढीच हवा खालून आत ओढली जाते. ही ओढ किती, याचा हिशेब सोपा आहे. आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला, दर मीटर उंचीला साधारण ०.०४ पास्कल. आत २१ अंश, बाहेर उणे १० अंश, म्हणजे फरक ३१. ज्या उंचीवर आतला-बाहेरचा दाब सारखा होतो ती पातळी बेसमेंटच्या फरशीपासून ३ मीटर वर धरली, तर फरशीवर सुमारे ३.७ पास्कलची ओढ पडते. हवेचा एकूण दाब एक लाख पास्कल असतो, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण ही ओढ रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे थांबत नाही, आणि बेसमेंटच्या काँक्रीटच्या फरशीखालच्या (स्लॅबखालच्या) मातीतल्या हवेत शेकड्यांनी, कधी हजारांनी पिको रेडॉन असतो. त्यातली थोडी हवा भेगांतून, संपच्या (जमिनीतलं पाणी गोळा करून उपसण्याच्या) खड्ड्यातून, पाइपांभोवतीच्या फटींतून वर आली तरी पुरते.

दिवसाचा चढउतारही बराचसा याच ओढीचा. पहाटे बाहेर सर्वांत थंड असतं, ओढ सर्वांत जास्त, आकडा वर. दुपारी ऊन पडलं, फरक कमी झाला की आकडा खाली. पहाटे पाचला ५ पिको आणि दुपारी तीनला २ पिको दाखवणारं यंत्र बिघडलेलं नसतं.

दुसरा घटक हवेचा दाब. ईशान्य किनाऱ्यावर हिवाळी वादळ येतं तेव्हा दीड दिवसात दाब १०२० वरून ९९० हेक्टोपास्कलवर उतरू शकतो. ही जवळजवळ ३ टक्क्यांची घट झाली. एक चौरस मीटर जमीन एक मीटर खोलीपर्यंत घ्या आणि त्यात ३० टक्के पोकळी धरा, तर त्या मातीत ३०० लिटर हवा असते. दाब ३ टक्के उतरला की त्यातली ९ लिटर हवा वर ढकलली जाते. मातीने सोडलेला श्वासच म्हणा ना. दाब पुन्हा चढला की माती बाहेरची ताजी हवा आत ओढते आणि आकडा बसतो. म्हणून हवामानाच्या ॲपमध्ये दाब किती आहे यापेक्षा तो उतरतोय की चढतोय हे बघा.

पाऊस या दोन्हींपेक्षा कावेबाज. भिजलेल्या अंगणात मातीची छिद्रं पाण्याने बुजतात आणि वायूला वर यायची वाट बंद होते. घराखालची खडी मात्र कोरडीच राहते. मग आजूबाजूचा वायू त्या कोरड्या भागाकडे सरकतो आणि घर हीच त्याची बाहेर पडायची वाट ठरते. गोठलेली जमीन तेच करते, फक्त काही तासांऐवजी काही आठवडे. पाऊस, उतरता दाब आणि थंडी एकत्र आली की बेसमेंटचा आकडा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होणं मुळीच अशक्य नाही. जाता जाता एक: पाऊस पडताच किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरची टकटक वाढते, ती वेगळी गोष्ट. पाऊस हवेतले रेडॉनचे ‘वंशज’, म्हणजे रेडॉन फुटून तयार झालेले किरणोत्सारी कण, धुऊन जमिनीवर आणतो आणि ते दोन-तीन तासांत विरून जातात. घरातल्या रेडॉनचा अंदाज त्यावरून बांधू नका.

वाऱ्याचं काही खरं नसतं. सोसाट्याचा वारा घरातली हवा बदलून आकडा पाडू शकतो, आणि घराच्या आडोशाच्या बाजूला दाब घटवून तो चढवूही शकतो. कोणत्या दिशेचा वारा तुमच्या घरात काय करतो हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि आरडी२०० ची किंमत इथेच वसूल होते.

उन्हाळ्यात बहुतेक घरांत आकडा उतरतो, पण हा नियम समजू नका. एसीसाठी खिडक्या महिनोन्‌महिने बंद असतात. घर गरम करणाऱ्या फर्नेसकडे हवा परत नेणाऱ्या डक्टला बेसमेंटमध्ये गळती असेल तर पंखा सुरू असेपर्यंत तो बेसमेंटची हवा खेचत राहतो. आणि चुनखडीच्या, गुहा-भुयारांच्या प्रदेशात गणित उलटंही होतं. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या काही घरांत उन्हाळ्यातला रेडॉन हिवाळ्यापेक्षा जास्त सापडलेला आहे, कारण जमिनीतल्या पोकळ्यांमधली थंड, जड हवा उन्हाळ्यात खालच्या तोंडांतून बाहेर पडते.

कोळशाची डबी

डबी उघडायची, दोन ते चार दिवस ठेवायची, बंद करून टेप लावायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. पंधरा-तीस डॉलरमध्ये काम होतं. जानेवारी हा अमेरिकेत रेडॉन जागृतीचा महिना असतो आणि तेव्हा अनेक ठिकाणी ती फुकटही मिळते. जानेवारीतली चाचणी म्हणजे जवळपास वाईटात वाईट परिस्थितीतली चाचणी, आणि सावधगिरीच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

पण कोळसा वायू शोषतो तसा सोडतोही. त्यामुळे त्याच्या आकड्यावर शेवटच्या दिवसाचा प्रभाव जास्त असतो. तीन दिवस निवांत गेले आणि शेवटच्या रात्री वादळ आलं, तर अहवालात वादळाचं वजन वाढतं. वादळ पहिल्या दिवशी येऊन गेलं तर ते बरंचसं पुसलं जातं. म्हणूनच ईपीए म्हणते की दोन-तीन दिवसांची चाचणी मोठ्या वादळात किंवा फार जोराच्या वाऱ्यात करू नका. किटवर ही ओळ बारीक अक्षरात असते आणि लोक ती वाचत नाहीत. दमटपणाही आड येतो. पाणी कोळशातली जागा अडवतं, म्हणून ओल आलेल्या बेसमेंटमध्ये किंवा धुण्याच्या मशीनशेजारी डबी ठेवू नये.

दोन चुका वारंवार होतात. फॉर्मवर उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ अंदाजे लिहिणं ही एक. हिशेब तासांवर चालतो, त्यामुळे वेळ नेमकी लिहा. दुसरी, डबी बंद करून आठवडाभर गाडीत पडू देणं. अर्धायुष्य ३.८ दिवसांचं असल्याने चार दिवसांत निम्मा रेडॉन संपतो. प्रयोगशाळा त्याची दुरुस्ती करते, पण मोजायला उरतंच कमी, आणि मग चुकीची शक्यता वाढते. बंद केली त्याच दिवशी पोस्टात टाका.

‘बंद घर’ ही अटही समजून पाळा. चाचणीच्या १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद, नेहमीची ये-जा तेवढी चालेल. हे १२ तास कुठून आले? घट्ट बांधलेल्या घरात तासाला साधारण ०.३ वेळा हवा बदलते असं धरलं, तर खिडकी बंद केल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला दहा-बारा तास लागतात. १२ तासांत ती ९७ टक्क्यांपर्यंत पोचते. पंखा लावून बाहेरची हवा आत घेणं, शेकोटी पेटवणं, संपूर्ण घराचा एक्झॉस्ट फॅन चालवणं या काळात नको. एसी किंवा फर्नेस नेहमीसारखं चालू द्या.

कोरेंटियम होम

हातात मावणारं, तीन एएए बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र. ॲप नाही, वाय-फाय नाही, काही नाही. पडद्यावर वर दीर्घकालीन सरासरी, खाली शेवटचा दिवस आणि शेवटचे सात दिवस आलटून पालटून. आत एक छोटी पोकळी असते, त्यात हवा आपोआप झिरपते, आणि सिलिकॉनचा संवेदक त्यात रेडॉन फुटताना बाहेर पडणारे अल्फा कण मोजतो. पोकळी लहान, म्हणून तासाला मोजले जाणारे कणही थोडे. त्यामुळे ते सावकाश चालतं. पहिल्या एक-दोन दिवसांचा आकडा वाचलाच नाही तरी बिघडत नाही, आठवड्यानंतर तो विश्वासार्ह व्हायला लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चांगलाच.

लोक या सावकाशपणाला कमतरता समजतात. ज्याला घराबद्दल निर्णय घ्यायचा आहे त्याच्यासाठी तो गुण आहे. एका वादळाने हलणारं यंत्र भिववतं, आणि एखादा प्रसन्न एप्रिल महिना खोटा दिलासा देतो. यूकेमध्ये चाचणी तीन महिन्यांची असते आणि निकालात ऋतूची दुरुस्ती करून वर्षाची सरासरी काढतात. कॅनडाचं आरोग्य खातं किमान तीन महिने, तेही हीटिंगच्या मोसमात मोजायला सांगतं. तिथे मर्यादा २०० बेकरेल आहे. अमेरिकेत दोन दिवसांच्या चाचण्यांचं पीक आलं ते मुख्यतः घरं विकण्या-घेण्याच्या वेळापत्रकामुळे. घर आणि माणसं काही दोन दिवसांची नसतात, तेव्हा कॅनडाची पद्धत जास्त शहाणी आहे असं स्पष्ट मत आहे.

या यंत्राची एक खोच मात्र लक्षात ठेवा. दीर्घकालीन सरासरी रिसेट केल्यापासूनची असते. यंत्र बेसमेंटमधून उचलून वरच्या बेडरूममध्ये नेलं आणि रिसेट केलं नाही, तर दोन खोल्यांची खिचडी होते, आणि ती निस्तरायला महिने लागतात. हलवायचं असेल तर आधी आकडा आणि तारीख वहीत लिहा, मग टाचणी किंवा कागदाच्या क्लिपने मागचं छोटं बटण दाबून रिसेट करा, मग हलवा. तासातासाची नोंद हे यंत्र देत नाही, त्यामुळे ‘कशामुळे वाढला’ हा प्रश्न त्याला विचारू नका.

रेडॉनआय आरडी२००

मगासारखं गोल, उभं यंत्र, वर छोटा पडदा. आत २०० घनसेंटिमीटरची आयन-पेटी, म्हणजे अल्फा कणांनी हवेत निर्माण केलेला विद्युतभार टिपणारी पेटी आहे. कोरियातल्या एफटीलॅबचं हे यंत्र दर पिकोला तासाला ३० कण मोजतं, आणि या किमतीच्या यंत्रांत हे प्रमाण फार मोठं आहे. त्याचा अर्थ कागदावर काढून बघा. ४ पिकोला तासाला १२० कण, त्यातली नैसर्गिक चढउतार १२० च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ११, म्हणजे सुमारे ९ टक्के. १ पिकोला ३० कण, चढउतार साडेपाच, म्हणजे १८ टक्के. तेव्हा पडद्यावर ०.९ चं १.१ झालं तर ती घटना नाही, तो मोजणीतला हेलकावा आहे. ४ चं ६ झालं तर मात्र खरंच काहीतरी घडलंय.

आकडा दर दहा मिनिटांनी बदलतो, पण दाखवतो तो मागच्या तासाची सरासरी. पेटीत रेडॉनचे वंशज कण स्थिरावायला तीनेक तास लागतात, म्हणून सुरू केल्यावर किंवा जागा बदलल्यावर पहिले तीन तास सोडून द्या. जास्त रेडॉनच्या जागेवरून कमी रेडॉनच्या जागी आणल्यावरही तसंच.

या यंत्राची मजा ॲपमधल्या तक्त्यात, म्हणजे आलेखात आहे. वादळाच्या रात्रीचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी दाब उतरायला लागतो आणि रेषा हळूच उचलते. मध्यरात्री पाऊस सुरू होतो, दोन-तीन तासांनी रेषा चढाला लागते. पहाटे शिखर. मग वादळ सरतं, दाब झपकन चढतो, वारा सुटतो आणि दुपारपर्यंत रेषा पूर्वीपेक्षाही खाली बसते. असा एक तक्ता बघितला की ‘काल ७ होता, आज २ कसा’ हा प्रश्न पुन्हा पडत नाही. ॲपमधून तासागणिक नोंदींची फाईल बाहेर काढता येते. जवळच्या हवामान केंद्राचा दाब, तापमान, पाऊस शेजारच्या रकान्यांत भरा. महिनाभराच्या नोंदींत तुमचं घर कशाला जास्त दचकतं ते दिसायला लागतं. थंडीला दचकणाऱ्या घरात वरच्या मजल्याच्या आणि पोटमाळ्याच्या फटी बुजवल्याने ओढ कमी होते. पावसाला दचकणाऱ्या घरात संपच्या खड्ड्याचं झाकण आणि भिंत-फरशीचा सांधा आधी तपासा.

आणि स्वयंपाकघर! याचा विचार फार कमी जण करतात. जानेवारीत खिडक्या बंद, फोडणीच्या ठसक्यासाठी गॅसवरचा एक्झॉस्ट पूर्ण वेगावर, खाली कपड्यांचा ड्रायर सुरू. दोघेही घरातली हवा बाहेर फेकतात आणि ती भरून काढायला सर्वांत सोपी वाट बेसमेंटच्या फटींची. आरडी२०० लावून हे स्वतः तपासा. हवामान स्थिर असलेला दिवस निवडा, एक दिवस एक्झॉस्ट सगळ्या खिडक्या बंद ठेवून दोन तास चालवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं उघडून. फरक तक्त्यात दिसला तर उपाय फुकटात मिळाला.

आता उणिवा. आतली बॅटरी नाही, १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. वादळात वीज जाते, आणि नेमके तेच तास नोंदीत हवे असतात. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की प्रश्न सुटतो, फक्त पिनचा आकार आणि ध्रुव जुळतात का ते आधी बघा. इथे ज्या आरडी२०० बद्दल बोलतोय त्याला फक्त ब्लूटूथ आहे, त्यामुळे फोन घेऊन बेसमेंटमध्ये उतरावं लागतं. थंड गॅरेजमध्ये, जिथे पारा १० अंशांखाली जातो, तिथे ते ठेवू नये. आयन-पेटीला धक्के सोसत नाहीत, म्हणून स्पीकरच्या शेजारी किंवा ट्रेडमिलच्या खोलीतल्या हलत्या फळीवर नको. आणि अलार्म ४ वर लावू नका. वादळी पहाटे तो सगळ्या घराला उठवेल आणि आई-बाबांना उगाच घाबरवेल. ४ ही दीर्घकालीन सरासरीसाठीची रेषा आहे, त्या एका तासासाठीची नाही.

ठेवायचं कुठे

तिन्हींसाठी नियम एकच. घरातला सर्वांत खालचा वापरातला मजला. जमिनीपासून किमान २० इंच वर, बाहेर उघडणाऱ्या दार-खिडकीपासून ३ फूट, बाहेरच्या भिंतीपासून १ फूट, इतर वस्तूंपासून ४ इंच दूर. स्वयंपाकघर, बाथरूम, संपच्या खड्ड्याचं तोंड, हीटरचा झोत, देवघरातल्या समईची ऊब, उन्हाची तिरीप, सगळं टाळा. संपच्या तोंडावर यंत्र ठेवून आलेला २० चा आकडा गळतीची जागा सांगतो, तुम्ही श्वासात घेता ती हवा नव्हे.

एअर प्युरिफायर लावून आकडा उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो धुळीला चिकटलेले वंशज कण काही प्रमाणात पकडतो. रेडॉन हा निष्क्रिय वायू, तो गाळणीतून सरळ पार होतो, आणि ही यंत्रं वायू मोजतात.

वेगवेगळ्या कंपन्यांची दोन यंत्रं शेजारी ठेवली तर १०-२० टक्के फरक येतो, तो मनावर घेऊ नका. पण ३.८ आणि ४.३ यांत अडकून पडायचं नसेल तर वर्षभराचं अल्फा-ट्रॅक किट यंत्राशेजारी ठेवा. प्लास्टिकच्या तुकड्यावर अल्फा कणांचे ओरखडे उमटतात, प्रयोगशाळा ते मोजते. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि एका वादळाचा त्यावर फारसा फरक पडत नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचं अंशांकन (खऱ्या आकड्याशी जुळवणी) आपल्याला करता येत नाही, म्हणून ही पडताळणी स्वस्तातली. घर विकताना किंवा घेताना मात्र घरच्या यंत्राचा आकडा कुणी धरत नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय या राज्यांत दुसऱ्याचं घर तपासणाऱ्याला राज्याची मान्यता लागते.

पंखा बसवल्यावर

सरासरी ४ च्या वर निघाली तर नेहमीचा उपाय म्हणजे स्लॅबखालून हवा खेचणारी पाइप आणि पंखा. ३ किंवा ४ इंची पीव्हीसी पाइप स्लॅबमधून खाली जाते, पंखा पोटमाळ्यावर किंवा घराबाहेर असतो, तोंड छताच्या वर. पंखा बेसमेंटमध्ये बसवायचा म्हणणाऱ्या कंत्राटदाराला नमस्कार करून परत पाठवा. पंख्याच्या पुढच्या बाजूला पाइपमध्ये दाब असतो, आणि तिथे गळती झाली तर तोच रेडॉन जोमाने घरात येतो.

थंड प्रदेशात या पाइपेचा वेगळा त्रास असतो. मातीतली हवा दमट, बाहेरून गेलेली पाइप गार. आत पाणी साचतं आणि कडाक्याच्या थंडीत तोंडाशी बर्फ धरतो. आडव्या भागाला मातीकडे उतार हवाच, नाहीतर पाणी खोलगट जागी साचून हवेची वाट अडवतं. पाइपेवर यू आकाराची छोटी नळी लावलेली असते, त्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वेगळी असेल तर पंखा खेचतोय. दोन्ही सारखी दिसली तर तो बंद पडलाय किंवा नळी निसटलीय. महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या मोठ्या गारठ्यानंतर, तिच्याकडे नजर टाका. नळी पंखा चालू आहे एवढंच सांगते, रेडॉन किती आहे ते नाही.

पंखा सुरू केल्यावर २४ तासांनंतर आणि ३० दिवसांच्या आत चाचणी करतात. ती मे महिन्यात झाली आणि १.५ आला म्हणून फाईल बंद करू नका. मेमध्ये घराची ओढ जेमतेम असते. जानेवारीत ती ३-४ पास्कलवर जाते, आणि पंख्याला तिच्यावर मात करावी लागते. काठावर बसवलेला पंखा उन्हाळ्यात पास होतो आणि हिवाळ्यात कमी पडतो. म्हणून कंत्राटाच्या कागदावरच लिहून घ्या की पहिल्या हिवाळ्यात पुन्हा मोजणी होईल आणि आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला तर पंखा बदलून मिळेल. त्यानंतर दर दोन वर्षांनी.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून हटकून प्रश्न येतो, की आम्हीही हे यंत्र घ्यायचं का? दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी, घरांना बेसमेंट नाही, खिडक्या वर्षभर उघड्या, आणि पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो. समुद्रातून रेडॉन जमिनीच्या तुलनेत शंभरावा हिस्साही निघत नाही. अशा घरासाठी दीडशे-दोनशे डॉलर खर्च करण्यात अर्थ नाही. पूर्व विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे, खडक जुना आणि ग्रॅनाइटच्या जातीचा आहे. तिथे जमिनीलगत, बंद एसीच्या खोलीत कुणी दिवसभर बसत असेल तर एकदा मोजायला हरकत नाही. त्यासाठी यंत्र विकत घेण्यापेक्षा अमेरिकेतून येणाऱ्या कुणाकडून कोरेंटियम महिनाभर मागून घ्या, आणि आल्याबरोबर ते रिसेट करा.